दिसेल तितकाच वेग

धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर व्यापारी घराच्या दारात नवे वाहन येणे ही जुनी रीत आहे. पूर्वी ते वाहन बहुधा मालवाहू टेम्पो असे. पुढे कुटुंबाच्या सोयीची मोटार आली. आणि अलीकडे मोठ्या शहरांतील काही घरांच्या दारात पोर्श, फेरारी, लॅम्बोर्गिनी या नावांच्या स्पोर्ट्स कारही उभ्या राहू लागल्या आहेत. नव्या पिढीने सचोटीने मिळवलेल्या पैशातून आपल्या आवडीची वस्तू घेतली तर त्याविषयी कुरकुर करण्याचे कारण नाही. परिग्रहाचे परिमाण ज्याने त्याने आपल्या व्रतानुसार ठरवावयाचे असते. मात्र अशा खरेदीच्या वेळी घरात किंमत, हप्ता, विमा, रंग या सर्वांची चर्चा होते आणि एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ही मोटार चालवावयाची कोठे?

ताशी ३०० किलोमीटर वेग गाठू शकणारी ही मोटार शहराच्या गर्दीत रिक्षाच्या मागे रांगत असते. तिचे पोट जमिनीला इतके जवळ, की साधा गतिरोधक दिसला तरी चालकाच्या कपाळावर आठी पडते. तिचे इंजिन पूर्ण सामर्थ्याने चालावे असा रस्ता घरापासून शेकडो किलोमीटर सापडत नाही. मग मोह होतो तो पहाटेच्या रिकाम्या महामार्गाचा, किंवा घाटातल्या वळणांचा. युरोपातील लोकांना हा मोह शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. त्यांनी त्याची किंमत मोजली आणि त्यातून काही व्यवस्था उभ्या केल्या. त्या व्यवस्था समजून घेतल्या तर या मोटारीचा आनंद नेमका कशात आहे आणि तो कोठे घ्यावयाचा, हे बरेचसे उलगडते.

आधी मोटारीविषयी. अशी मोटार म्हणजे केवळ मोठे इंजिन, अशी अनेकांची समजूत असते. परंतु सरळ रस्त्यावर जोराने जाणे हा तिचा सर्वांत कमी गुण आहे. तिची ठेंगणी बांधणी, खाली ठेवलेला गुरुत्वमध्य, रुंद टायर, ताटाएवढ्या ब्रेक डिस्क हे सारे वळणासाठी आहे. टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताहून थोडाच मोठा असतो. अशा चार तळहातांवर दीड टन वजन तोललेले असते. टायरची पकड हे ठरावीक भांडवल आहे असे मानले तर व्यापारी माणसाला पुढचे सांगावे लागणार नाही. ते सारे ब्रेक लावण्यात खर्च केले तर वळण्यासाठी काही उरत नाही. सारे वळण्यात गुंतवले तर ब्रेक लावण्यास पैसा शिल्लक नाही. म्हणून जाणता चालक वळणापूर्वी, मोटार सरळ असतानाच, ब्रेक लावून वेग उतरवतो, मग वळतो, आणि वळणाचा शेवट नजरेस पडल्यावरच पुन्हा एक्सलरेटरवर पाय ठेवतो. ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकांवर सरकते आणि मागची चाके हलकी होतात. वळणाच्या मध्यावर घाबरून एकाएकी पाय काढणाऱ्याची मोटार मागून फिरते ती याच कारणाने. हे वजनाचे मागेपुढे सरकणे आसनातून, स्टीअरिंगमधून जाणवणे आणि त्याला योग्य उत्तर देणे, हा या छंदाचा खरा रस आहे. सतारीच्या तारेचा ताण जसा बोटाला कळतो, तसे ते कळावे लागते.

आता हिशेब. चांगल्या स्पोर्ट्स कारला कोरड्या डांबरावर ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास सुमारे ३५ मीटर लागतात. परंतु संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर त्या सेकंदात मोटार आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. एकूण ६३ मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी २०० केला, तर थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते: १४० मीटर, आणि त्या एका सेकंदाचे ५६. बेरीज १९६ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन फुटबॉल मैदाने. मोटार कितीही महागडी असो, हे गणित तिला सवलत देत नाही. पावसात तर आकडे याहून पुष्कळ वाढतात.

प्रारंभीच्या मोटारवाल्यांना हे गणित अनुभवातूनच शिकावे लागले. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत सार्वजनिक रस्त्यांवर सुरू झाली. दुतर्फा प्रेक्षक, मध्ये गावे, कुत्री, धुळीचे लोट. पहिल्याच टप्प्यात किमान आठ जणांना प्राण गमवावे लागले, त्यांत रेनॉ कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनॉ होते. सरकारने बोर्दो येथे शर्यत थांबवली. तेथून मोटारी रेल्वे स्थानकापर्यंत घोड्यांकरवी ओढून नेण्यात आल्या.

इंग्लंडमध्ये त्या काळी रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती. ह्यू लॉक किंग नावाच्या श्रीमंत गृहस्थाने यावर निराळा उपाय काढला. त्याने सरे परगण्यात आपल्या स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, केवळ मोटारी पळवण्यासाठी एक बंदिस्त मार्ग बांधला. १९०७ साली सुरू झालेला हा ब्रुकलँड्स मार्ग म्हणजे मोटारींसाठी मुद्दाम उभारलेला जगातील पहिला ट्रॅक होय. या उद्योगात त्याची मालमत्ता संपत आली आणि पत्नी एथेल यांनी व्यवहाराची सूत्रे हाती घेऊन डोलारा सावरला, हे वाचताना पेढीवरच्या मंडळींना नवल वाटणार नाही.

तरीही रस्त्यावरील शर्यती चालूच राहिल्या. इटलीतील मिल्ले मिल्या ही ब्रेशा ते रोम आणि परत अशी सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत १९२७ पासून भरत असे. १९५५ साली स्टर्लिंग मॉस याने ते अंतर १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत तोडले. गावे, डोंगर, बाजारपेठा धरून सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटर! त्या पराक्रमाचे कौतुक आजही होते. परंतु दोनच वर्षांनी, १२ मे १९५७ रोजी, ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. चालक, त्याचा सहकारी आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या नऊंत पाच लहान मुले होती. मिल्ले मिल्या शर्यत म्हणून त्या दिवशी संपली. आज त्या नावाने जुन्या मोटारींची जी फेरी निघते तिच्यात सर्वांत आधी पोहोचण्याला नव्हे, तर ठरवून दिलेल्या वेळेत अचूक पोहोचण्याला गुण मिळतात.

या साऱ्या इतिहासाचे मध्यवर्ती ठिकाण मात्र जर्मनीत आहे. आयफेल डोंगररांगांतील आडेनाऊ हा भाग पहिल्या महायुद्धानंतर दारिद्र्य आणि बेकारीने गांजलेला होता. लोकांना काम मिळावे आणि जर्मन मोटार उद्योगाला चाचणीची जागा मिळावी, या दुहेरी हेतूने १९२५ मध्ये नुरबुर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती रस्ता खणण्यास आरंभ झाला. हजारो मजुरांच्या हाताला काम मिळाले. जून १९२७ मध्ये नुरबुर्गरिंगचे उद्घाटन झाले. दुष्काळी कामावर तलाव खणावेत तसा हा ट्रॅक खणला गेला. त्याची उत्तरेकडील फेरी, नॉर्डश्लाइफे, आज २०.८ किलोमीटर लांब आहे. एका फेरीत सत्तरांहून अधिक वळणे आणि तळ ते माथा सुमारे ३०० मीटरचा चढउतार. घनदाट रानातून जाणारा हा मार्ग पाहून त्यास ‘हिरवा नरक’ हे नाव दिले ते जॅकी स्ट्युअर्ट यांनी. १९६८ साली धुके आणि पावसात त्यांनी तेथील शर्यत चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली होती. म्हणजे नरक म्हणणारा हरलेला नव्हता.

या मार्गाच्या वळणांना नावे आहेत आणि जाणकार ती तीर्थयात्रेतल्या टोकांप्रमाणे क्रमाने म्हणतात. फ्लुगप्लाट्झ येथील उंचवट्यावर वेगातली मोटार क्षणभर हवेत उचलली जाते. फुक्सरोअर येथे रस्ता दरीत झेपावतो आणि तळाशी चालक आसनात दाबला जातो. कारुसेल येथे सिमेंटचा उतरता पन्हाळ आहे. त्यात चाके घालून मोटार गोल फिरवावयाची, हाडे खिळखिळी करून घ्यावयाची आणि पुन्हा वर यावयाचे. अखेरीस डॉटिंगर ह्योहे हा लांबलचक सरळ पट्टा. मध्ये कित्येक वळणे अशी, की त्यांचा शेवट चढापलीकडे किंवा झाडीत दडलेला असतो.

येथेच सारी मेख आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मन ग्रां प्रीमध्ये निकी लाउडा यांची फेरारी बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे कडेच्या बांधावर आदळून पेटली. मार्ग इतका लांब की अग्निशमन दल प्रत्येक वळणावर पुरेशा संख्येने ठेवणे अशक्यच होते. मागून आलेल्या चालकांनी आपल्या मोटारी थांबवून त्यांना ज्वाळांतून बाहेर ओढले. लाउडा वाचले आणि अवघ्या सहा आठवड्यांनी पुन्हा शर्यतीत उतरले. परंतु फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लाइफेवर त्यानंतर कधीही झाली नाही.

आधुनिक ट्रॅकचे रहस्य यातून समजते. ट्रॅक सुरक्षित असतो तो केवळ कठडे आणि रेतीचे पट्टे असतात म्हणून नव्हे. वळणापलीकडे जे चालकाला दिसत नाही, ते त्याच्या वतीने पाहणारा माणूस तेथे झेंडा घेऊन उभा असतो. पुढे मोटार अडकली की पिवळा झेंडा हलतो. मार्गावर तेल सांडले की पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा. धोका मोठा असेल तर लाल, आणि सर्वांनी वेग उतरवावयाचा. म्हणजे तेथे चालक स्वतःच्या दोन डोळ्यांनी नव्हे, तर वीस-पंचवीस जोड्या डोळ्यांनी पाहत असतो. शिवाय सर्व वाहने एकाच दिशेने जातात. समोरून बैलगाडी येत नाही, शाळकरी मुलगा सायकलवर आडवा येत नाही. म्हणूनच तेथे ताशी २०० किलोमीटर वेगाने वळणाकडे झेपावणे याला धाडस म्हणता येते. सार्वजनिक रस्त्यावर त्याच कृतीला दुसरे नाव आहे.

नॉर्डश्लाइफेची गंमत अशी, की प्रारंभापासून आजवर तो मार्ग ठरावीक दिवशी सामान्य जनतेस खुला असतो. एका फेरीसाठी साधारण ३० ते ४० युरो टोल भरावा आणि आपली मोटार घेऊन आत जावे. कायद्याच्या दृष्टीने त्या वेळी तो एकदिशा टोल रस्ता असतो आणि जर्मनीचे रहदारीचे नियम तेथे लागू राहतात. ओव्हरटेक डावीकडूनच करावयाचे, संथ वाहनाने उजवी बाजू धरावयाची, वेळ मोजून शर्यत लावावयाची नाही. कठड्यास धडक दिलीच, तर कठड्याच्या दुरुस्तीचे बिल चालकाच्या हाती येते. मोटार भाड्याची असेल तर बहुतेक कंपन्यांच्या करारात या मार्गावर जाण्यास स्पष्ट मनाई असते, आणि विमा कंपन्यांची कलमेही तितकीच सावध असतात. तो धड रस्ता नाही आणि धड ट्रॅकही नाही. तेथे होणाऱ्या अपघातांचे मूळ बव्हंशी या संभ्रमात आहे. भारतातून जाणाऱ्या हौशी मंडळींनी हे कागद आधी वाचावेत.

या मार्गाची राणी म्हणून जिची ख्याती झाली ती साबिने श्मिट्झ येथील एका हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबातली मुलगी. तिने हॉटेलव्यवसायाचे रीतसर शिक्षण घेतले होते. दारातूनच मार्ग जातो म्हणून ती चालवायला शिकली आणि १९९६ व १९९७ अशी दोन वर्षे तेथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या संघात होती. पुढे कित्येक वर्षे ती पाहुण्यांना शेजारी बसवून ‘रिंग टॅक्सी’ चालवी. ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी तिने एकदा फोर्ड ट्रान्झिट ही माल वाहणारी डिझेल व्हॅन नॉर्डश्लाइफेवर नेली. दहा मिनिटांच्या आत फेरी पुरी करण्याचा संकल्प होता. लागली १० मिनिटे ८ सेकंद. आठ सेकंदांनी हुकले खरे, पण त्या फेरीत तिने महागड्या मोटारीतील हौशी चालकांनाही मागे टाकले. वेग मोटारीत किती असतो आणि चालकात किती, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. २०२१ मध्ये तिचे निधन झाले; मार्गावरील पहिल्या वळणाला आता तिचे नाव आहे.

जर्मन कायद्यात एक कलम आहे. वाहन केवळ तितक्याच वेगाने चालवावे, की नजरेच्या टप्प्यात येणाऱ्या अंतरातच ते थांबवता येईल. आणि रस्ता फार अरुंद असेल तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात. वेगमर्यादेची पाटी काहीही सांगो, धुक्यात आणि आंधळ्या वळणावर हा नियम श्रेष्ठ. जैन वाचकास हे वाचून ईर्यासमितीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. चार हात भूमी नीट पाहून, जीवरक्षण साधत पाऊल टाकावे, हा मुनींचा आचार; पाऊल आणि दृष्टी यांचे प्रमाण तेथे आधीच बांधून दिलेले आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला तेच प्रमाण लावले, तर ‘चार हात’ म्हणजे ६३ मीटर होतात, इतकेच.

या नियमात राहूनही स्पोर्ट्स कारचा आनंद घेता येतो, हे ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर रस्त्यावर कळते. फ्रान्झ वालाक या अभियंत्याने आखलेला हा ४८ किलोमीटरचा पर्वतमार्ग ३ ऑगस्ट १९३५ रोजी खुला झाला. ३६ मोठी वळणे चढत तो अडीच हजार मीटरहून अधिक उंची गाठतो. हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, टोल भरावा लागतो, आणि तरीही उन्हाळ्यात जगभरचे मोटारप्रेमी तेथे येतात. तेथील केसपिनेसारख्या वळणावर कोणतीही मोटार ताशी तीस-चाळीसहून जास्त वेगाने नेता येत नाही. खाली काचा उतरवलेल्या, इंजिनाचा आवाज कड्यावरून परततो आहे, दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात, पुन्हा दुसऱ्यात, स्टीअरिंगचा प्रत्येक अंश बोटांना कळतो आहे, समोर हिमनदी. वेगमापकाकडे कोणी पाहतही नाही. उतरताना मात्र पाय सतत ब्रेकवर ठेवणारा फसतो. ब्रेक तापतात, त्यातील द्रव उकळू लागतो आणि पेडल पोकळ लागते. उताराला गिअर खालचा ठेवून इंजिनाकरवी वेग रोखावा, हा नियम ताम्हिणी, पसरणी किंवा आंबा घाटातील जुन्या ट्रकचालकांनाही कोणी शिकवावा लागत नाही.

आपल्याकडील घाट निसर्गाने कशातही उणे नाहीत. उणीव आहे ती रिकाम्या रस्त्याची. म्हणून हौशी मंडळी रविवारची पहाट निवडतात. पाच-सहा मोटारी अंधारातच शहराबाहेर पडतात, महामार्ग मोकळा मिळतो, सूर्य उगवताना घाटमाथ्यावर न्याहारी. कार्यक्रम रमणीय आहे. परंतु चातुर्मास सोडून उरलेल्या आठ महिन्यांत नेमक्या याच वेळी, याच रस्त्यांच्या कडेने, साधू-साध्वींचा विहार चालू असतो. अनवाणी, पायी, पांढऱ्या वस्त्रांत किंवा दिगंबर, हाती रजोहरण अथवा पिच्छी; धुक्यात शंभर पावलांवरूनही लवकर ध्यानात न येणारी आकृती. जुन्या पायवाटा चौपदरी रस्त्यांनी गिळल्या, तेव्हा त्यांना डांबराची कडच उरली. विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता समाजाला नव्या नाहीत, आणि म्हणूनच गावोगावचे तरुण प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे घालून विहारात सोबत चालतात. एकाच घरातील एक मुलगा असे जाकीट घालून साध्वीजींच्या मागे चालत आहे आणि दुसरा त्याच रस्त्यावर ताशी १६० ने येत आहे, हे चित्र काल्पनिक असले तरी अशक्य कोटीतले नाही. श्रावकाच्या अनर्थदंडविरती व्रतात निष्प्रयोजन असावधपणाला, म्हणजे प्रमादचर्येला, स्वतंत्र दोष मानले आहे. हानी होण्यापूर्वीच तो दोष लागतो, झाल्यावर नव्हे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्श मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या प्रकरणी न्यायालय काय ते ठरवील. परंतु कायदा प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा असा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत परवाना नाही. मोटार फर्मच्या नावावर असेल, तर ‘मालक’ कोण हा प्रश्न भागीदारांच्या दारात येऊन उभा राहतो. कराच्या बचतीसाठी मोटार फर्मच्या नावे घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की वैयक्तिक वापराच्या अंशावर घसारा वजा मिळत नाही आणि अशा मोटारीवरील जीएसटीचा परतावा सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. बचत वाटते तितकी मोठी नसते.

मग जावे कोठे? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मद्रास मोटर रेस ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेची फेरी सुमारे २.१ किलोमीटर. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१ किलोमीटरहून थोडे अधिक. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल विजयी झाला. अशा ट्रॅकवर ठरावीक दिवशी शुल्क भरून स्वतःची मोटार चालवता येते. त्यास ट्रॅक डे म्हणतात. मोटार ट्रेलरवर घालून तेथवर नेण्याचा खर्च मोठा असतो हे खरे. पण एवढ्या किमतीची मोटार घेणाऱ्याने हा खर्च खरेदीच्या वेळीच जमाखर्चात धरावा. एरवी ती तिजोरीत ठेवलेल्या सतारीसारखी. ज्यांना आधी शिकावयाचे आहे त्यांनी गो-कार्टपासून आरंभ करावा. कोल्हापुरात तशी सोय आहे, खर्च थोडा आहे, आणि जगातील बहुतेक नामवंत चालक तेथूनच वर आलेले असतात.

विम्याची पॉलिसी मात्र ट्रॅकवर जाण्यापूर्वी उघडून वाचावी. खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांखाली संघटित शर्यत, वेगचाचणी, पेसमेकिंग यांना संरक्षण नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, असे आयोजक सांगतील. विमा कंपनी तेच मानते का, ते तिच्याकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर दावा मंजूर होत नाही. मोटार मागवतानाच आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी: या मोटारींची आसने आणि स्टीअरिंग बहुधा चामड्याने मढवलेली असतात. पुष्कळ कंपन्या त्याऐवजी कापड किंवा अल्कांतारा देतात. अल्कांतारा दिसते मऊ चामड्यासारखे, पण ते पूर्णपणे कृत्रिम धाग्याचे असते आणि घामेजल्या हातालाही घसरत नाही. ट्रॅकवर लागणारे हातमोजे आणि बूटही चामड्याविना मिळतात. विचारावे मात्र लागते.

ट्रॅकवर जाण्यापूर्वी ब्रेकमधील द्रव बदलून घ्यावा, कारण जुना द्रव ओलावा शोषतो आणि लवकर उकळतो. टायरमधील हवा थंड असताना आणि फेऱ्यांनंतर गरम असताना, दोन्ही वेळा मोजावी. तापल्यावर दाब वाढतो. पहिल्या दिवशी शेजारच्या आसनावर प्रशिक्षक असावा आणि त्याने थांब म्हटले की थांबावे. चौकटीचा झेंडा दिसल्यावर शेवटची फेरी सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता पुरी करावयाची असते, म्हणजे तापून लाल झालेल्या डिस्कना वारा लागतो. मोटार उभी केल्यावर हँडब्रेक ओढावयाचा नाही. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावावा आणि बॉनेट उघडून अर्धा तास तिला निवू द्यावे.